एका अंगाला दिवे असलेला मासा

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं की, तुम्ही सारी नोकरी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढलीत, तर वाचकांना गंमत वाटेल असे चार प्रसंग लिहून पाठवा. गंमत! पत्र वाचून मी बाजूला ठेवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा काढलं. आता लिहायला बसलोच आहे तर आधीच सांगून ठेवतो, ह्यात हसण्यासारखं थोडंफार आहे, पण मी हसवायला लिहीत नाही. मला राग आलेला आहे. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तो उतरत नाही. डॉक्टर म्हणतात बीपी आहे. बीपी नाही, मासा आहे.

कॉलेज परभणी जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही. आमच्या विभागाच्या हेडसाहेबांचंही लिहीत नाही, त्यांची नातवंडं असले अंक वाचतात आणि त्या लेकरांचा काही दोष नाही. मी तिथं प्रयोगशाळा सहायक होतो. पोरं मला 'मामा' म्हणायची. पदवीचे तास घेणारे वेगळे आणि बेडूक धरून आणणारे वेगळे, त्यातला मी दुसरा.

काम काय, तर बरण्या. दोनशेच्या वर काचेच्या बरण्या आणि प्रत्येकीत काहीतरी मेलेलं. साप, विंचू, वटवाघूळ, दोन तोंडांचं वासरू, समुद्रातला तारामासा. मेलेलं जनावर कुजू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. ते पाण्यासारखं दिसतं, पण झाकण उघडलं की डोळ्यांत मिरची गेल्यागत होतं. झाकण कितीही घट्ट लावा, कडेला मेण ओता, तरी फॉर्मॅलिन उडतंच. परभणीच्या उन्हाळ्यात तर बघायलाच नको. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एकेक बरणी उघडून भर घालावी लागते. माझ्या कपड्यांना तो वास कायमचा बसलेला होता. बायको म्हणायची, तुमी घरात आलात की माश्या बाहेर जातेत.

ह्या सगळ्यात आमचा मानाचा नग म्हणजे लँटर्न फिश. कंदील मासा. कलकत्त्याच्या एका पुरवठादाराकडून आला होता, निळ्या झाकणाच्या उंच बरणीत. बोटाएवढा, डोळे मोठे, आणि पोटाच्या कडेनं बारीक ठिपक्यांच्या ओळी. मी समुद्र बघितलेला नाही, आजही नाही. पण त्या माशाबद्दल मला जे येतं ते आमच्या हेडसाहेबांमुळं येतं, हे मान्य केलं पाहिजे. माणूस शिकवायचा सुरेख. मी मागं ट्रे धूत उभा असायचो आणि हात थांबायचे.

ते सांगायचे, समुद्रात खाली खाली जावं तसा उजेड संपत जातो आणि शेवटी काहीच उरत नाही. तिथले बरेच प्राणी स्वतःचा उजेड स्वतः करतात. कुणाच्या अंगात दोन रसायनं असतात, ती प्राणवायूबरोबर मिळाली की उजेड पडतो, आणि तो थंड असतो, हात लावला तर भाजत नाही. कुणी आपल्या अंगात चमकणारे जंतू पाळून ठेवतो. एका जातीची मादी तर डोक्यावर गळ काढून त्याच्या टोकाला दिवा लावून बसते. आपल्या कंदील माशाचा एकेक ठिपका म्हणजे एक संपूर्ण अवयव. मागं काळी वाटी, वाटीत चकचकीत अस्तर, त्यात उजेड करणाऱ्या पेशी आणि पुढं भिंग. हे दिवे पोटाला कशाला? तर वरून अंधुक उजेड येत असतो, त्यात खालून बघणाऱ्या शत्रूला माशाची काळी सावली दिसते. पोटाचे दिवे लावले की सावली पुसली जाते. शिवाय कोणत्या जातीला किती ठिपके आणि कुठं, हे ठरलेलं असतं, त्यावरून जात ओळखतात. साहेब हे सांगताना फळ्यावर दोन्ही हातांनी मासा काढायचे.

आता तो मासा कसा गेला ते सांगतो.

विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या सालची गोष्ट. बंद, दगडफेक, एसट्या उभ्या, कॉलेजला कुलूप. बरण्यांत भर घालायचं काम तेव्हा माझ्या हाताखालचा लक्ष्मण करायचा. फार निगुतीचा माणूस. त्याच्या गावात दलितांची वस्ती पेटवली. लक्ष्मण बायकोपोरं घेऊन कुठं गेला ते आम्हाला कितीतरी महिने कळलं नाही. कॉलेज उघडलं तेव्हा साहेबांनी मला पहिला प्रश्न विचारला, "बरण्यांचं काय?" लक्ष्मणचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या रागाचा हिशेब मांडायचा तर तिथून मांडावा लागेल.

मी जाऊन बघितलं. वरचा पत्रा उचकटून पावसाचं पाणी आत आलं होतं, फळी वाळवीनं खाल्लेली ती कलंडली होती आणि निळ्या झाकणाची बरणी आडवी पडलेली. झाकण निसटून सगळं फॉर्मॅलिन सांडून गेलं होतं. बरणी शाबूत होती. मासा मात्र वाळून चुरा झाला होता, हातात धरला तर शेपूट हातात आणि डोकं खाली.

आणि विद्यापीठाची समिती यायची होती. कॉलेजला पुढचे वर्ग द्यायचे का नाही हे ठरवणारी समिती. ती येते तेव्हा रजिस्टरात जे लिहिलंय ते कपाटात आहे का, हे बघते. साहेबांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं.

"लँटर्न फिश कुठंय?"

"चुरा झाला साहेब."

"नवा मागवायला वेळ नाही. समिती सोमवारी येतेय. त्या बरणीत काहीतरी मासा पाहिजे."

"काहीतरी म्हणजे?"

"तू हुशार आहेस," साहेब म्हणाले. एवढंच म्हणाले. मोठ्या माणसांची ही रीत मी पुढं फार बघितली. चोरी करायची असते तेव्हा ते आपल्याला हुशार म्हणतात.

मी रविवारी बाजारात गेलो. गंगाखेडहून भोयांच्या बायका मासे घेऊन यायच्या. तिकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. त्यांच्या पाटीत बारीक खवली असते, ढिगानं विकायची मासळी, चांदीच्या रंगाची, तोंडाला बारीक मिशा. त्यातली मोठ्या डोळ्यांची एक निवडली. फॉर्मॅलिनमध्ये ताठ केली. लोखंडी ट्रंकांना देतात तो चंदेरी रंग आणला, टाचणीचं डोकं त्यात बुडवलं आणि साहेबांचं पुस्तक समोर ठेवून पोटाच्या कडेनं ठिपके देत गेलो. प्रत्येक ठिपक्याला मागून काळ्या शाईची बारीक कड. चार तास लागले. काम असं झालं की मी स्वतःच बघत बसलो. खोटं का असेना, हात माझा होता आणि हाताला लाज नसते.

फक्त एक अंग केलं. दुसरं केलं नाही. बरणी कपाटात भिंतीला पाठ करून उभी राहणार, मागचं अंग बघणार कोण? दुसऱ्या अंगाला आणखी चार तास कशाला घालायचे? आमच्याकडं कामं अशीच होतात. शाळांना रंग पुढून देतात, पुतळ्याला हार पुढून घालतात. तसा मीही.

समिती आली. पोहे खाल्ले, चहा घेतला. समितीतले एक गृहस्थ निळ्या झाकणाच्या बरणीपुढं थांबले आणि म्हणाले, "वा! इतक्या आत, मराठवाड्यात, असं स्पेसिमेन!" साहेबांनी नम्रपणे मान लववली. वर्ग मंजूर झाले. मला वाटलं, आता नवा मासा मागवतील. मी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, "आहे की मासा." तेव्हापासून तो मासा होता.

एकदा ताडकळसहून एका शाळेची सहल आली. मास्तर उत्साही. कंदील मासा दाखवताना मी नेहमीचं पाठ म्हटलं, हा अंधारात उजेड करतो. मास्तर म्हणाले, "मग मामा, अंधार करा की." मी म्हणालो, गुरुजी, मेलेला आहे. ते ऐकेनात. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, भर दुपारी खोलीत अंधार. चाळीस पोरं श्वास रोखून उभी. मास्तर म्हणाले, "दिसला का?" कुणी बोलेना. मास्तरांनी आवाज चढवला, "दिसला का नाही?" मग चाळीस पोरं एका सुरात ओरडली, "दिसला!" खिडक्या उघडल्या तेव्हा मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी महिनाभर ही गोष्ट सांगून लोकांना हसवलं. आता सांगताना हसू येत नाही. त्या चाळिसांतलं एकही पोर 'न्हाई दिसला गुरुजी' म्हणालं नाही, आणि तसं न म्हणण्याचं शिक्षण आम्ही सगळे मिळून देत होतो.

आता स्पॉटिंग म्हणजे काय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत टेबलांवर बरण्या मांडतात. नावाच्या चिठ्ठीवर कागद चिकटवून त्यावर नंबर टाकतात. पोरं एकेका बरणीपुढं उभी राहतात, प्राणी ओळखून त्याचं नाव आणि दोन ओळी माहिती लिहितात, टोल पडला की पुढच्या बरणीपाशी सरकतात. टोल देणारा मी. परीक्षक दोन, एक आमचे साहेब, दुसरा बाहेरगावचा, त्याला एक्स्टर्नल म्हणतात. आता खरी गोष्ट अशी की पोरं प्राणी ओळखत नव्हती, बरण्या ओळखत होती. वरच्या वर्गातली खालच्यांना सांगून जायची, निळं झाकण म्हणजे लँटर्न फिश, तडा गेलेली म्हणजे समुद्रघोडा. आत काय आहे हे बघायची कुणाला गरजच पडत नव्हती. किती वर्षं पोरं त्या खवलीपुढं उभी राहून खोल समुद्राबद्दल लिहीत होती आणि पास होऊन मास्तर होत होती.

मग सुमन आली.

सुमन गंगाखेडची. भोयाची पोर. बाप सखाराम, गंगेत जाळं टाकणारा. रोज रेल्वेनं परभणीला यायची. त्यांच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेलं कुणी नव्हतं. बोलायला कमी, पण डिसेक्शनला बसली की बघत राहावं. माशाचा मेंदू उघडायला इतर पोरं तास घालायची आणि शेवटी चिंधड्या करायची. ही पाच मिनिटांत अख्खा काढून ठेवायची. साहेब सगळ्या वर्गाला तिचं टेबल दाखवायचे. शेवटच्या वर्षाला होती तेव्हा मत्स्यखात्याच्या मत्स्यबीज केंद्रावर एक जागा निघाली. प्राणिशास्त्राची पदवी पाहिजे आणि मासळीची माहिती पाहिजे. तिनं अर्ज केला, बोलावणं आलं. त्यांनी सांगितलं, निकाल लागला की कागद घेऊन या, जागा तुमचीच. ती मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मामा, बापाला सांगितलं तर त्यो म्हणतोय, मासे धरायचे सरकार पगार देतंय व्हय?" आणि हसली. तिला मी तेवढं एकदाच मोकळं हसताना बघितलं.

त्या साली परीक्षेच्या हॉलला रंग चालू होता, म्हणून भिंतीकडची टेबलं मधोमध ओढली. पोरं टेबलाच्या चारी बाजूंनी फिरणार. बरण्या मांडल्या मी. सात नंबरला निळं झाकण ठेवलं मी. मागचं अंग उघडं पडतंय हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. इतक्या वर्षांत मीच विसरलो होतो की त्या माशाला मागचं अंग आहे.

सुमन सात नंबरला आली. बरणीकडं बघितलं, लिहायला लागली आणि थांबली. टेबलाला वळसा घालून पलीकडं गेली. वाकली. पुन्हा अलीकडं आली. माझ्या हातात टोलाची दांडी होती. मला तेव्हा ते मागचं कोरं अंग आठवलं. तिनं पेपरवर भराभर लिहिलं. वेळ झाली, मी टोल दिला.

साहेबांच्या खोलीत तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलनी तिचा पेपर पुढं ठेवला. मी दाराशी उभा होतो.

"सात नंबरला तू हे काय लिहिलंस?"

"सर, ती खवली हाय. आमच्या गंगंतली."

एक्स्टर्नल आमच्या साहेबांकडं बघायला लागले. साहेब हसत म्हणाले, "नदीकाठची पोर आहे सर. ह्या लोकांना सगळे मासे सारखेच."

"सारखे न्हाईत दिसत सर, म्हणूनच सांगायलेय," सुमन म्हणाली. ती थांबली नाही. "लँटर्न फिशला मिशा नसतेत. ह्याला चार हायत. अन् दिवे एकाच अंगाला हायत. पलीकडून बघा सर, एकबी ठिपका न्हाई. तुमीच शिकवलंत, पोटाचा उजेड सावली पुसायला असतो म्हणून. एका अंगालाच दिवे असले तर दुसऱ्या अंगाची सावली कोण पुसंल?"

मी सांगतो, त्या कॉलेजात माझ्या सगळ्या नोकरीत कुणी दिलेलं ते सगळ्यात चांगलं उत्तर होतं. शिकवलेलं समजलं, समजलेलं डोळ्यांनी पडताळलं आणि पडताळलेलं तोंडावर सांगितलं. शिक्षण म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

एक्स्टर्नल चुळबुळले. उठायला लागले. "बघू तरी," म्हणाले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. आणि मी, चार तास बसून ठिपके देणारा हुशार माणूस, हॉलमध्ये गेलो, सात नंबरची बरणी उचलली आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. परत येताना चहाचा ट्रे घेऊन आलो. साहेब म्हणाले, "घ्या सर, गार होईल." एक्स्टर्नल बसले. त्यांना संध्याकाळची गाडी धरायची होती. चहा पिता पिता म्हणाले, "हुशारी ठीक आहे, पण उद्धटपणा फार." सुमन उभीच होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी कपबशा आवरत होतो.

मार्कांची यादी पाकिटात घालून त्यावर लाखेचं सील करतात. तेही काम माझंच. स्पिरिटच्या दिव्यावर लाख वितळवली, पाकिटावर थेंब पाडले, शिक्का दाबला. यादीत काय आहे ते मला माहीत होतं. माझ्यासमोरच लिहिलं होतं, सात नंबरला शून्य, तोंडीला शून्य आणि डिसेक्शनचेही मार्क कापलेले. प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हावं लागायचं आणि सुमन दोन मार्कांनी नापास होती. माझा हात जराही हलला नाही. शिक्का अगदी स्वच्छ उठला.

निकाल लागला आणि सखाराम पोरीला घेऊन आला. धुवट धोतर, डोक्याला पटका, हातात पिशवी. साहेबांपुढं हात जोडून उभा राहिला.

"साहेब, पोर काय चुकली? ती खोटं लिव्हली का?"

"खोटं-खरं नसतं परीक्षेत," साहेब म्हणाले. "जे शिकवलं ते लिहायचं असतं. पुढच्या वर्षी बसेल पुन्हा. वर्ष म्हणजे काय फार मोठी गोष्ट नाही."

"तिची नौकरी जायलीय साहेब."

"त्याला मी काय करणार?"

सखारामनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "त्यो मासा मला एकडाव दावता का? मी जलमभर मासेच बघितलेत. चुकली आसंल तर मीच तिला सांगतो, तू चुकलीस म्हणून."

साहेब म्हणाले, कपाटाची चावी नाही. चावी माझ्या कमरेला होती, दिसत होती. सखारामनं ती बघितली. तो माझ्याकडं वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"मामा, तुमी तर रोज बघता. तुमी सांगा, कोणता मासा हाय त्यो?"

मी म्हणालो, "मला माशातलं काय कळतंय, सखारामभाऊ."

तो "बरं" म्हणाला आणि पोरीला घेऊन गेला. सुमन दारातून वळून बघेल असं मला वाटलं होतं, तिनं बघितलं नाही. मत्स्यखात्याची जागा महिन्याभरात दुसऱ्या कुणाला गेली.

त्यानंतर आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग मी साहेबांकडं गेलो. म्हणालो, साहेब, ती बरणी काढून टाकू. फुटली म्हणून लिहू, मी माझ्या नावावर घेतो. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आता ती काढता येत नाही," ते म्हणाले. "आता काढली तर ती पोरगी खरी होती असं होईल."

हे वाक्य मी त्या दिवसापासून रोज ऐकतो. आधी ती बरणी आळसानं तिथं होती. आता ती ठरवून तिथं राहिली. पुढच्या परीक्षेलाही तीच ठेवायची, असा तोंडी हुकूम झाला, आणि मला म्हणाले, "टेबलं भिंतीला लाव ह्या वेळेस." एवढा बंदोबस्त कुणापासून? गंगाखेडच्या एका पोरीपासून. विद्यापीठाच्या नावासाठी माणसांनी इतकी वर्षं मार खाल्ला, लक्ष्मणसारख्यांची घरं गेली, शेवटी ते नाव बदललं. कपाटातल्या एका बरणीवरचं खोटं नाव बदलायला काय लागत होतं? एक ओला बोळा. तो माझ्या हातात होता.

वर्षानं सुमन पुन्हा परीक्षेला आली. वर्षभर घरीच होती, हाताला जाळ्याच्या सुतळीचे घट्टे पडले होते. हॉलबाहेर रांगेत उभी असताना मी तिला बाजूला बोलावलं. आदल्या दिवशी सगळं ठरवून आलो होतो. एक्स्टर्नल ह्या वेळेस वेगळे होते, म्हातारे, भले दिसत होते.

"पोरी," मी म्हणालो, "आज मी सांगणार हाय. त्यो मासा मी केला. बाजारातून आणून रंग मी दिला. आज सगळ्यांसमोर सांगतो, नौकरी गेली तर जाऊ दे."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर माझ्या पाया पडेल. कबूल करायलाही आपल्याला कुणीतरी थोर म्हणावं लागतं, तशी माझी तयारी होती. ती शांतपणे म्हणाली, "मला म्हाईत हाय मामा. रंग ट्रंकंचा हाय."

"मग?"

"आज बोलू नका. तुमाला बोलायचं होतं तर मागल्या साली बोलायचं होतं, माझा बाप इचारत व्हता तवा. आता तुमी खरं बोललात तर परीक्षा थांबंल, चौकशी लागंल, अन् पुन्हा घरी मलाच बसावं लागंल. तुमचं मन हलकं व्हईल, माझं अजून एक साल जाईल."

"मग सात नंबरला तू काय लिहिणार?"

"तुमच्याकडं चालतं ते," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मी टेबलं भिंतीला लावली होती. ती सात नंबरपुढं आली, बरणीकडं तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. खाली बघून लिहीत राहिली. पुढं ती कुठल्याशा शाळेवर लागली असं कानावर आलं. मासळीशी तिचा काही संबंध राहिला नाही.

दुपारी पेपर तपासताना म्हाताऱ्या एक्स्टर्नलनी तिचा पेपर उचलून धरला. कंदील माशाची आकृती रेखीव, एकेक दिवा जागच्या जागी, भिंग, अस्तर, काळी वाटी. ते मनापासून खूश झाले. "समुद्रापासून इतक्या लांबची मुलगी," ते म्हणाले, "आणि निरीक्षण बघा. दोन्ही अंगांचे दिवे मोजून लिहिलेत. ह्याला म्हणतात स्पेसिमेन नीट बघणं!" त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

साहेब माझ्याकडं बघून हसले.

आणि मीही हसलो.